एक गडू गंगा, बाकी कृष्णा

नागपूर, गुरुवार

चि. सारंग,
अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा लांबलचक व्हॉट्सॲप वाचला. त्याला नुसता अंगठा दाखवून मोकळं होणं मला जमेना, म्हणून कागद घेऊन बसले आहे. बाबा पानांचे फोटो काढून पाठवतील. क्रमाने येतील आणि प्रत्येक पानावर आकडा असेल, त्याची काळजी नको.

तुझं म्हणणं एवढंच ना, की मैत्रेयी आणि तू गाडीने बंगळूरहून आम्हाला भेटायला येणार होतात, तिने प्रवासाचा तक्ता केला, तू म्हणालास मन होईल तिथे थांबू, ती म्हणाली मन होईल तिथे चार्जर नसतो, आणि त्यावरून दोन दिवस अबोला. आता तू विचारतोस, 'आई, स्वभावच जुळत नाहीत आमचे. विमानाने येऊ का? की येऊच नको?'

येऊ की नको ते तुझं तू ठरव. पण यायचं असेल तर विमानाने येऊ नका.

तुमचं कसं जुळलं, असं तू लहानपणी विचारायचास तेव्हा आम्ही 'स्थळ आलं होतं' म्हणून विषय मिटवायचो. स्थळ आलं नव्हतं. स्थळ वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतं.

१९९० सालची गोष्ट. मला शाळेत नोकरी लागली होती आणि शाळा जवळ पडते म्हणून मी नागपूरच्या महाल भागात बबीआत्याकडे राहत होते. आत्याला तू फोटोतच पाहिलं आहेस, पण त्या फोटोत ती गप्प आहे, त्यामुळे तो तिचा वाटत नाही. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, अंगणात ताडपत्रीखाली त्यांची पांढरी फियाट. आदल्या वर्षी आत्या काशीला जाऊन आली होती आणि येताना पाच लिटरचा कॅन भरून गंगा घेऊन आली होती, वर तांब्याचे झाळलेले गडू. काशीची गंगा रामेश्वराला घालायची आणि सेतूची वाळू परत गंगेत सोडायची, तेव्हा यात्रा पुरी, ही आपल्याकडची जुनी रीत. त्या कॅनमध्ये अख्ख्या भावकीने आपापला वाटा धरला होता. रेल्वेने जायला आत्या तयार नव्हती. गर्दीत कॅनला कोणाचाही पाय लागेल, हे तिचं कारण. पांबनला समुद्रावरून मोटारीचा पूल १९८८ मध्ये खुला झाल्याचं तिने पेपरात वाचलं होतं, तेव्हापासून तिच्या डोक्यात फियाटच होती.

गाडी माझा चुलतभाऊ चालवणार होता. निघायच्या आदल्या दिवशी त्याला कांजिण्या निघाल्या. आत्या अंगणात आली, वर पाहिलं आणि हाक मारली, "ओ वाईकर! लायसन आहे का तुमच्याजवळ?"

हे वाईकर म्हणजे तुझे बाबा. आडनाव तुला ठाऊकच आहे, पण मुलगा वाईचा म्हणून आत्याने त्याला वाईकर करून टाकलं होतं. नोकरी भूजल खात्यात. विदर्भभर विहिरींच्या पाण्याची पातळी मोजत हिंडायचं. भाडं एक तारखेला पाकिटात, सुटे पैसे वेगळ्या पुडीत. बोलणं विचारलं तेवढंच. आणि मी कशी आहे ते तू पाहतोसच. कोथिंबीर आणायला गेले की कोथिंबीरवालीच्या सुनेचं बाळंतपण कुठे झालं ते ऐकून परत यायची, कोथिंबीर तिथेच राहायची. ह्या माणसाशी वर्षभरात माझं जे काही बोलणं झालं होतं ते पाण्याच्या मोटारीबद्दल.

माझ्या वडिलांनी हरकत घेतलीच. तरणी पोर, परका मुलगा, सोळा-सतराशे किलोमीटर एका गाडीत. आत्या म्हणाली, "काऊन, मी काय डिक्कीत बसून राहिली?" पुढे कोणी बोललं नाही.

पहाटे निघालो ते थेट वर्धा रोडला नव्हे. आधी झीरो माइलला. तिथे चार घोड्यांपाशी गाडी उभी करून वाईकरांनी बॅटरीच्या उजेडात मीटरचा आकडा वहीत टिपून घेतला. "इथून मोजलं नाही तर हिशेबाला अर्थ नाही," म्हणाले. आत्या मागे जपमाळ ओढत होती. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं.

रस्ता तेव्हाचा राष्ट्रीय महामार्ग सात. वाराणसीहून निघायचा आणि नागपूर, हैदराबाद, बंगळूर, मदुराई करत कन्याकुमारीला टेकायचा. देशातला त्या वेळचा सगळ्यात लांब महामार्ग. म्हणजे आमची गंगा जिथून आली तिथूनच आमचा रस्ताही आला होता. आता त्याचा नागपूरपासून खालचा पट्टा चव्वेचाळीस नंबरात गेला आहे, चार पदरी झाला आहे, आणि तुम्ही येणार तो हाच. तेव्हा दोन ट्रक समोरासमोर आले की फियाटने मुकाट्याने मातीत उतरायचं असे.

पहिला खटका नद्यांवरून उडाला. वाईकरांच्या वेळापत्रकात नद्या नव्हत्या. पूल म्हणजे पाच मिनिटांचा भाग. आत्याच्या लेखी नदी ही भेटायची बाई होती. पाटणबोरीच्या पुढे पैनगंगा आली तशी तिने गाडी थांबवायला लावली, खाली उतरून नाणं टाकलं, हात जोडले. निर्मलच्या पुढे सोनला गोदावरी लागली तर आत्या पुलाच्या कठड्याशी उभी राहून तिच्याशी बोलतच बसली, "त्र्यंबकहून इतक्या दूर आली गं बाई." तोवर निर्मलला मी लाकडी खेळणी रंगवणाऱ्यांच्या गल्लीत शिरून आले होते, तेव्हा हॉर्न वाजवून वाजवून वाईकरांचा तळहात लाल झाला होता. त्या संध्याकाळी ऊन उतरलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठमोठे दगड एकावर एक रचून ठेवल्यासारखे दिसायला लागले, गाडीत छान वारा येत होता. वाईकरांनी घसा खाकरला. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलणार. ते म्हणाले, "बसाल्ट संपला. इथून ग्रॅनाइट."

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. काय बोलणार?

हैदराबादला आत्याच्या ओळखीच्यांकडे मुक्काम झाला. खरी गंमत दुसऱ्या दिवशीची.

एप्रिलचं ऊन, जडचर्ल्याच्या पुढचा मुलूख. फियाट गचके खाऊन बंद पडली. इंजिनाच्या पेट्रोल पंपात वाफ धरली होती. त्या गाड्यांचं उन्हाळ्यात हे नेहमीचंच असे. पंपावर ओलं फडकं टाकायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा निघायचं. आम्ही टाकलं. पुन्हा बंद, पुन्हा फडकं. असं करत करत पिण्याच्या पाण्याची सुरई पंपावरच रिकामी झाली. आणि मग, गाडी बरी चालली आहे असं वाटेपर्यंत, बॉनेटमधून वाफेचा लोट. रेडिएटरचा होज पाइप फुटला होता.

इथे वाईकरांचं कौतुक करायला हवं. त्यांच्या पिशवीत सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी होती. होती म्हणजे यादीत होती, सतराव्या नंबरला. त्यांनी ती पाइपवर ओढून ओढून गुंडाळली, वर तार आवळली. पण रेडिएटर कोरडा ठाक. आजूबाजूला घर नाही, विहीर नाही, कडुनिंबाचं एक झाड आणि दगड.

"तुमचं खातं पाण्याचंच ना?" मी विचारलं.

"ग्रॅनाइटमध्ये पाणी भेगांत असतं," वाईकर म्हणाले.

"मग भेग पाहा ना बाप्पा एखादी," आत्या मागून म्हणाली.

ते रिकामी सुरई घेऊन चालायला लागले. तासाभराने परत आले. डोक्याला रुमाल, घामाने निथळत, आणि खांद्यावर मातीचं मडकं. हा माणूस मी पहिल्यांदा हसताना पाहिला. दूर शिंदीची झाडं दिसली म्हणून तिकडे गेले, तिथे एक माणूस भेटला, तेलुगू येत नव्हतं म्हणून खुणेने सांगितलं, असं अभिमानाने म्हणाले. कशी खूण केली ते करूनही दाखवलं. मूठ वळली, अंगठा तोंडाकडे नेला आणि मान मागे टाकली.

मडक्याचा वास तोवर माझ्यापर्यंत पोचला होता. त्या बिचाऱ्या माणसाने पाहुण्याची खूण बरोबर ओळखली होती. त्याने पैसेही बेताचेच घेतले होते.

मी बाबांकडे पाहिलं, बाबांनी मडक्यात पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जसं उतरलं ते मी अजून विसरले नाही. तेवढ्यात आत्या झाडाखालून, "काय आणलं हो?"

सारंग, तुझे बाबा खोटं बोलत नाहीत. इन्कम टॅक्सचा फॉर्म भरताना पोस्टातल्या जुन्या खात्याचं चाळीस रुपये व्याज आठवून आठवून लिहिणारा हा माणूस. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आवंढा गिळला आणि म्हणाले, "नीरा, काकू."

दुपारचा दीड वाजला होता. नीरा पहाटेची. ऊन चढलं की ती नीरा राहत नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक. आत्याने फुलपात्र पुढे केलं. एक प्यायली. "आंबूस आहे जराशी." दुसरं प्यायली. "पण उन्हाची बरी वाटते."

आता गाडीचं काय? मी मागच्या सीटवरच्या कॅनकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं, आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

"मी रस्त्याच्या त्या बाजूला जाऊन पाहतो," ते म्हणाले.

मग मात्र माझा तोल गेला. "पाच लिटर पाणी गाडीत आहे आणि तुम्ही उन्हात भेगा शोधत फिरणार?"

"ते पाणी माझं नाही."

"गाडी तरी कुठे तुमची आहे?"

"म्हणूनच जपून चालवतोय. तुम्ही निर्मलला दीड तास घालवला नसता तर आपण सकाळच्या गारव्यात इथून पार झालो असतो."

"निर्मल काल होतं!"

"उशीर कालपासूनचाच आहे."

आयुष्यातलं आमचं पहिलं भांडण हे. त्यातली वाक्यं आजही तीच आहेत, गावाचं नाव तेवढं बदलतं. आम्ही दोघं बॉनेटच्या दोन बाजूंना उभे राहून तावातावाने बोलत होतो, आणि आत्या तोंड पुसत पुसत जवळ कधी आली ते कळलंच नाही.

"नाथांनी काय केलं होतं?" तिने विचारलं.

आम्ही गप्प.

"काशीची कावड घेऊन रामेश्वराला निघाले होते ना? मग? वाळूत गाढव तडफडताना दिसलं तर काय म्हणाले, की हे पाणी माझं नाही?" तिने फियाटच्या बॉनेटवर थाप मारली. "ह्याच्याहून मोठं गाढव कोणतं पाह्यजे तुम्हाला? पाजा त्याला."

बाबा तरीही हात लावेनात. तेव्हा आत्याने पदर खोचला, कॅनचं बूच स्वतः उघडलं, "हर हर गंगे" म्हणाली आणि ओतायला लागली. "हळू, काकू! इंजिन तापलंय, चिरेल," म्हणत बाबांनी धावत जाऊन गाडी सुरू केली, मग तिच्या हाताला हात लावून धार बारीक धरली. कॅन संपला तेव्हा गडू फोडले. शेवटचा गडू मात्र तिने कमरेला घट्ट धरला. "एक रामेश्वराचा. तो मागू नका."

ते औदार्य नाथांचं की मडक्यातलं, हा प्रश्न आमच्या घरात अजून सुटलेला नाही. बाबा म्हणतात, नाथांचं. माझा आपला एक संशय आहे, तो पुढे सांगते.

गंगा पिऊन फियाट जी निघाली ती बिचुपल्लीला कृष्णेच्या पुलापर्यंत न कुरकुरता गेली. आणि तिथे पुलाच्या अलीकडे गाडी थांबवली ती आत्याने नाही. आत्या मागे गाढ झोपली होती. गाडी बाबांनी थांबवली.

उन्हाळ्याची कृष्णा, खडकांमधून वाट काढत गेलेली. काठी मारुतीचं देऊळ. बाबांनी चपला गाडीत ठेवल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, एका पायाची नीट मोजून तीन घड्या, दुसऱ्याची तशीच वर ढकललेली, आणि कॅन घेऊन पाण्यात उतरले. मी काठावर. कॅन बुडबुड करत भरत होता तेव्हा ते बोलायला लागले. वाईच्या घाटांबद्दल. ढोल्या गणपतीच्या देवळात पुराचं पाणी कुठपर्यंत चढायचं ते. कृष्णाबाईच्या उत्सवात त्यांची आई कोणत्या आळीच्या पंगतीत वाढायला जायची ते. पाचवीत असताना कागदाची होडी घाटावरून सोडली होती आणि ती समुद्राला किती दिवसांनी लागेल याचं गणित मांडलं होतं, ते. उत्तर काढलंही होतं, पण मास्तरांनी पाण्याचा वेग कुठून आणलास म्हणून गुण दिले नव्हते. मी एकदाही मध्ये बोलले नाही. तुला यावर विश्वास ठेवणं जड जाईल.

आत्या जागी झाल्यावर तिला भरलेला कॅन दिसला. "कोणती?" "कृष्णा," बाबा म्हणाले. "महाबळेश्वरची." आत्याने थोडा विचार केला आणि कॅन पुन्हा आपल्या शेजारी, होता त्याच जागी ठेवून घेतला.

पुढचं भराभर सांगते, कारण हात दुखायला लागला. कर्नूलला लॉजमध्ये एकच खोली मिळाली. बाबा रात्रभर फियाटमध्ये झोपले, फियाट रुंदीला कमी आणि बाबा लांबीला जास्त, त्यामुळे पाय खिडकीबाहेर, आणि सकाळी दोन्ही पावलांवर डासांनी जागा शिल्लक ठेवली नव्हती. नामक्कलला, जिथे ट्रकच्या बॉड्या बांधायचे कारखाने रांगेने आहेत, एका मेस्त्रीने नवा होज पाइप टाकला आणि आमची सायकल ट्यूबची पट्टी वर धरून सगळ्या गॅरेजला दाखवली. कौतुकाने की थट्टेने, ते तमीळमध्ये असल्यामुळे कळलं नाही. भावाची घासाघीस मी खुणांनी केली. बाबांनी मला फक्त एवढंच बजावलं होतं की अंगठा वापरू नका.

मदुराईला देवळाबाहेर फुलवाल्या बाईने माझ्या हातात गजरा ठेवला आणि पैशांसाठी हात पुढे केला तो बाबांपुढे. नाही म्हणायला बाबांना तमीळ येत नव्हतं. मराठीत येत होतं, पण ते म्हणाले नाहीत. पैसे दिले आणि वही काढली.

पांबनच्या पुलावर मधोमध गाडी उभी केली. खाली १९१४ सालचा रेल्वेचा पूल, त्यावरून पाण्याला टेकल्यासारखी जाणारी गाडी. आत्याकडची नाणी संपली होती. समुद्राला काय टाकायचं म्हणून तिने बाबांकडे पाहिलं आणि बाबांनी भाड्याच्या सुट्या पैशांची असायची तशी एक पुडी खिशातून काढली. तिच्यासाठी हैदराबादपासूनच साठवत आले होते म्हणे.

रामेश्वराला गाभाऱ्यात पूजा करणारी घराणी मूळची महाराष्ट्रातली. इतके दिवस खाणाखुणा करून थकलेल्या आत्याला तिथे मराठी बोलणारे गुरुजी भेटले आणि ती जी सुरू झाली, मागच्या रांगेतले लोक वाट पाहून पाहून खाली बसले. बावीस कुंडांचं स्नान करून आम्ही तिघंही निथळत होतो, त्या प्रसिद्ध लांबच लांब ओवरीत आमच्या पावलांची ओली रांग मागे पडत होती. एक गडू गंगा रामेश्वराला पोचली. कॅनमधली कृष्णा आत्याने अग्नितीर्थावर समुद्रात स्वतःच्या हाताने ओतली, भावकीतल्या एकेकाचं नाव घेऊन.

बाबा शेजारी उभे होते. म्हणाले, "काकू, कृष्णा तशीही बंगालच्या उपसागरालाच मिळते. हे पाणी इथे आपोआप आलं असतं."

"तू चूप राह्य," आत्या म्हणाली. 'तुम्ही'चा 'तू' झाला होता, हे माझ्या लक्षात आलं. बाबांच्याही आलं.

पण माझं ठरलं ते रामेश्वरात नाही, कृष्णेच्या काठी नाही आणि गजऱ्यावरूनही नाही. नागपूरला परत आल्यावर ठरलं, आत्याच्या जेवणघरात.

बाबांनी प्रवासाचा हिशेब आणून दिला. फुलस्केप कागद, कार्बन लावून दोन प्रती, एक आत्याला, एक माझ्या वडिलांना. पेट्रोल, ऑइल, होज पाइप, लॉज, तारीखवार. 'नद्यांस नाणी' असा वेगळा रकाना. आणि मदुराईच्या तारखेला स्वच्छ अक्षरात, 'गजरा, एक, संध्या यांस'. माझे वडील चष्मा पुसून पुसून ती ओळ वाचत होते. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. 'फुले' लिहून भागलं असतं, 'देवास' लिहिलं असतं तर कोणी विचारलंही नसतं. पण नाही. जे झालं ते लिहिलं, आणि कोणापुढे ठेवायचं ते माहीत असून लिहिलं.

मग माझी नजर वर गेली, जडचर्ल्याच्या तारखेला. तिथे लिहिलं होतं, 'नीरा, एक मडके'.

अख्ख्या कागदावर एवढी एकच ओळ खोटी. स्वतःला अडचणीत आणणारी ओळ जशीच्या तशी लिहिणाऱ्या माणसाने आत्याची ओळ झाकून घेतली होती, कार्बन लावून, दोन्ही प्रतींवर. मी तो कागद खाली ठेवला आणि चहा टाकायला उठले, कारण चेहऱ्यावर काय दिसत असेल याचा भरवसा नव्हता.

आत्याने कागद हातात घेतला, शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाली, "नीरा जरा महागच पडली म्हणा."

आता माझा संशय सांगते. आमचं मूळ गाव चंद्रपूरकडचं. शेताच्या बांधावर शिंदीचीच झाडं. आत्या तिथे लहानाची मोठी झाली. तिला नीरा कळत नव्हती असं मानायला मी तयार नाही. संध्याकाळी तिने माझ्या वडिलांना बाजूला घेतलं आणि तिचं बोलणं मला जिन्याखालून ऐकू आलं. "पोरगा खोटं बोलते," ती म्हणाली. वडील दचकले. "पण जागा पाहून बोलते. संध्येला विचारून पाहा."

स्वभाव आमचे तेव्हा जुळले नव्हते आणि आजही जुळलेले नाहीत. परवा सीताबर्डीला जाताना मी एका दुकानात शिरले तर बाबा बाहेर उभं राहून घड्याळ पाहत होते, आणि बाहेर आल्यावर मला किती मिनिटं ते कळलं. त्याने काही बिघडलं नाही. तू लहानपणापासून पाहतोस त्या आमच्या भांडणांना तू उगाच फार किंमत देतोस, असं मला वाटतं.

आणि एक. मैत्रेयीचा तक्ता तू पाठवलास तो आम्ही दोघांनी पाहिला. बाबा तर खूश झाले, प्रिंट काढून आणली. लाल पेनने तपासलीही. कर्नूल सोडल्यावर, हैदराबादच्या अलीकडे तिने 'चार्जिंग, ५० मिनिटे' लिहिलं आहे, त्यावर त्यांनी गोल केला. म्हणाले, "पोरीची इथे चूक झाली. कर्नूललाच बॅटरी भरून घेतली आहे, पुढे हैदराबादपर्यंत लागायची नाही. आणि ठिकाणाचं नावच घातलं नाही." मग स्वतःच बराच वेळ त्या गोलाकडे पाहत बसले. इतर सगळ्या थांब्यांना नाव आहे, पत्ता आहे, फोन नंबर आहे. ह्याला काही नाही. ज्या मुलीने प्रत्येक टोलचे पैसे लिहिले तिच्या हातून हे सुटेल, असं मला वाटत नाही. ती पन्नास मिनिटं तुझी आहेत, मन होईल तिथे थांबायची. तसं लिहायचं तर तुझ्यापुढे हार खाल्ल्यासारखं झालं असतं, म्हणून चार्जिंग लिहिलं. तिला विचारू मात्र नकोस. कबूल करणार नाही आणि वर ती ओळ खोडून टाकेल.

बिचुपल्लीचा पूल त्याच पट्ट्यात येतो. थांबायचं तर थांबा, नाही तर नका थांबू.

गाडी विजेची असली तरी पिण्याच्या पाण्याचा एक जास्तीचा कॅन ठेवा. मैत्रेयीला वांग्याची भाजी चालते का आणि तिखट कितपत, ते आधी कळव. सावजी मसाला मी घालणार नाही पहिल्याच दिवशी, पण बाबांना आवरणं माझ्या हातात नाही, ते हल्ली नागपूरकरांपेक्षा तिखट खातात. पाटणबोरीला पोचलात की फोन कर, म्हणजे मी कणीक भिजवायला घेते. वरच्या मजल्यावरची खोली झाडून ठेवली आहे, तिथे ती राहील. तू खाली.

तिच्या आईचा नंबर पाठव. तिचं तिच्या आईशी बोलणं झालं असेल तरच, उगाच घाई नाही.

तुझी,
आई

ता. क. बाबांनी हे वाचलं. त्यांचं म्हणणं, सायकलच्या ट्यूबची पट्टी यादीत सतराव्या नव्हे, एकोणिसाव्या नंबरला होती. बाकी मजकुराबद्दल त्यांची तक्रार नाही.